वाघ, सुसर आणि देडतलाईचं वासरू

माझा धाकटा भाऊ माधव मरणावर फिल्म काढणार आहे, असं मी शाळेत सांगितलं तेव्हा आमच्या मोठ्या बाईंनी काळजीने विचारलं, "घरात कोणी आजारी आहे का?"

कोणी आजारी नव्हतं. माधव मुंबईला चित्रकला शिकून आला होता, एवढंच. तिथून येताना त्याने एका मित्राचा चावीचा कॅमेरा आणि एक मत आणलं होतं. मत असं, की कुंचल्याने चित्र काढण्याचे दिवस संपले, आता कल्पना हेच चित्र. त्यामुळे तो नाशकात दिवसभर आरामखुर्चीत पडून चित्रं काढायचा आणि मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून घरी आले की त्याला वाढायची. त्याची तेव्हाची कल्पना होती मरण. माणसं मरणाबद्दल खोटं बोलतात, खरं काय ते मेलेली जनावरंच सांगतील, असं त्याचं म्हणणं होतं. नाशकात मेलेली जनावरं पुष्कळ होती, पण त्याला टिकवलेली हवी होती.

ती बऱ्हाणपुरात निघाली. संस्थानं विलीन होण्याचे ते दिवस. आमच्या गंगाधरमामांच्या ओळखीतलं डोंगराकडचं एक चिमुकलं संस्थानही विलीन झालं. मुलूख विलीन झाला, शिपाई विलीन झाले, राजेसाहेब पुण्याच्या बंगल्यात विलीन झाले. पण त्यांनी आणि त्यांच्या वाडवडिलांनी मारून पेंढा भरून ठेवलेली जनावरं कशात विलीन करायची, हे कोणाला सुचेना. शेवटी सामानाचा लिलाव झाला आणि मामांच्या दुकानासाठी ज्या झुंबरावर त्यांचा डोळा होता, त्या झुंबराच्या ढिगातच ती जनावरं त्यांच्या वाट्याला आली. हे कळल्यावर माधवची झोप उडाली. उन्हाळ्याची सुट्टी होती. हा एकटा गेला तर भुसावळला भलत्याच गाडीत बसेल, म्हणून मीही निघाले.

बुधवारा

बऱ्हाणपूरला मे महिन्यात जाऊ नये हे भूगोलाच्या बाईला कोणी सांगायला नको होतं. तरी गेले. मामांचं कापडाचं दुकान बुधवाऱ्यात, वर घर आणि मागे गोदाम. उतरलो तेव्हा तापीवरचा वाराही भट्टीतून आल्यासारखा लागत होता. मामींनी दारातच पाण्याचे तांबे पुढे केले आणि घोट घेतो न घेतो तोच खव्याची जिलबी आली. काळपट, जाड, पाकात गच्च भिजलेली. नाशकात जिलबी मोजून वाढतात. इथे 'बस' म्हटलं की आणखी दोन पडतात, आणि 'नको' हा शब्द तर मामींना समजतच नाही.

"आधी खा. जनावरं कुठं पळून नाही चालली," मामी म्हणाल्या.

मामांनी गोदाम उघडलं. साड्यांच्या गठ्ठ्यांमागे एक वाघ, एक सुसर, एक चितळ आणि हातात तबक धरून दोन पायांवर उभं असलेलं एक अस्वल होतं. राजेसाहेबांकडे येणारी मंडळी त्या तबकात आपल्या नावाचं कार्ड ठेवायची म्हणे. मामा त्यात पानाचा डबा ठेवायचे. सगळ्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

"अरे भाच्या, झुंबर घ्याले गेलो अन् वाघ गळ्यात पडला," मामा म्हणाले. "झुंबराले छत नाही पुरलं. ते पडून हाय. वाघाचं मात्र लगीनसराईत नाव झालं. पोरंसोरं वाघ पाहाले येतात, बाया मागून साड्या पाहातात."

त्यांच्याजवळ एक पत्र्याचा डबाही होता. त्यात जादा काचेचे डोळे होते, लहान मोठे, पिवळे, तपकिरी. वाघाचा एखादा डोळा फुटला तर दुसरा बसवायला राजेसाहेबांनी विलायतेहून मागवलेले. माधवने तो डबा असा छातीशी धरला की मामींना वाटलं त्याला ऊन लागलं.

सिंधीपुरा

त्याच लिलावातली आणखी काही जनावरं सिंधीपुऱ्यात कोणीतरी घेतली, असं मामांच्या बोलण्यात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच माधव मला घेऊन निघाला. आपण परगावी आहोत, तर लोकांना समजेल अशा साध्या शब्दांत विचारावं, असा त्याने विचार केला. त्याच्या सगळ्या अडचणी अशा विचारांतूनच सुरू होतात.

पानाच्या ठेल्यावरच्या माणसाला त्याने विचारलं, "इथे मसाला भरलेली जनावरं कोणाकडे आहेत?"

"मसाला भरलेली? हाव ना," तो माणूस उत्साहाने उठला. "चला, मी नेतो. एकदम उस्ताद माणूस हाय."

त्याने आम्हाला एका अंगणात नेलं. तिथे पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ बाजेवर बसले होते. माधवने नमस्कार करून येण्याचं कारण सांगितलं.

"बकरा पाहिजे का मुर्गी?" उस्तादांनी विचारलं.

"बकराही आहे?" माधवचा चेहरा फुलला. "अख्खा?"

"पूरा. मुंडीसगट."

"किती वर्षांचा आहे?"

"सालभराचा. त्याच्यावर गेला की कडक होतो, साहेब."

माधवने माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, जाणकार माणूस भेटला. मग त्याने कलावंताचा प्रश्न विचारला, "आणि टिकतो किती?"

उस्तादांची दाढी थरथरली. "टिकतो? माझ्या हातचा बकरा आजतक दोन घंटे टिकला नाही! वऱ्हाडी हाडं चाटून जातात!"

इतका वेळ मला कोपऱ्यातल्या स्वयंपाकाच्या मोठमोठ्या देगा दिसत होत्या, पण डोक्यात प्रकाश पडला तो आत्ता. मला हसू आवरेना. माधव अजून वहीत 'चाटून' लिहीत होता. खुलासा झाल्यावर उस्तादही हसले, इतके हसले की ठसका लागला. आम्ही ते खात नाही म्हटल्यावर त्यांनी शेजारून मांडे मागवले. आमच्याकडचा मांडा पुरणाचा आणि सणाचा. हा साधाच, पण रुमालापेक्षा मोठा, उपड्या कढईवर भाजलेला. सोबत गूळ आणि तूप. सिंधीपुऱ्यात जनावरं कोणाकडे होती ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

पुन्हा बुधवारा

मग माधवने गोदामातच काम मांडलं. मधोमध एक रिकामी खुर्ची. चारही जनावरं तिच्याकडे तोंड करून. माणसाने एकट्याने आत जायचं, खुर्चीत बसायचं आणि मेलेल्यांनी त्याला पाहायचं. बाहेर आला की माधव विचारणार, काय वाटलं? आणि आत बसलेल्या माणसाचं चित्रण तो गठ्ठ्यांमागून करणार. खरं सांगायचं तर कल्पना चांगली होती. मी स्वतः बसून पाहिलं तेव्हा मानेवर काटा आला.

बुधवाऱ्याच्या मानेवर काटा काही आला नाही. पहिला गृहस्थ बाहेर येऊन म्हणाला, "खुर्ची मजबूत हाय." दुसऱ्याने चितळाचे दात मोजले. एका शिक्षकांनी सुसरीचं पोट टिचकीने वाजवून पाहिलं आणि भरणं बरोबर नसल्याचं सांगितलं. तिसऱ्या प्रहरी एक बाई हळदकुंकवाची कोयरी घेऊनच आल्या. त्यांनी वाघाला कुंकू लावलं, नारळ ठेवला आणि खुर्चीकडे ढुंकूनही न पाहता निघाल्या.

"काय वाटलं?" माधवने विचारलं.

"बरं वाटलं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वाघच जागेवर नव्हता. माधव कासावीस होऊन घरभर फिरला. वाघ गच्चीवर निघाला, मामींच्या पापडांच्या राखणीला. वानरं समोरच्या कौलांवर रांगेने बसून लांबूनच पाहत होती. माधवने कपाळाला हात लावला, पण लगेच कॅमेराही लावला.

त्या रात्री जेवताना तो उदास होता. माणसांना मरण दिसतच नाही, असं काहीसं म्हणाला. मामी दराबा वाढत होत्या. रवा, तूप आणि साखर इतकं फेटतात की जिभेवर नुसतं विरघळतं. त्या सहज म्हणाल्या, "भुसा भरलेलं जनावर तर माह्या भावाकडे देडतलाईले पण हाय. त्याच्यात काय एवढं?"

"कोणतं?" माधव म्हणाला.

"वासरू."

देडतलाई

धारणीकडे जाणाऱ्या मोटारीने आम्ही देडतलाईला गेलो. मामींचे भाऊ शेतावरच मुक्कामाला होते. घरी त्यांची बायको काशीवहिनी आणि झोळीत सोनी. काशीवहिनी बारीक, चपळ बाई. बोलताना निम्मं हसायची. सोनी चार महिन्यांची.

पाणी देता देताच तिने सगळं सांगून टाकलं. बाळंतपणानंतर तिला मोठा ताप आला आणि अंगावरचं दूध आटलं. म्हशीचं दूध सोनीला पचेना, पोट बिघडायचं. तांबू गाईचं दूध पाणी घालून उकळून दिलं तेव्हा कुठे पोरीने अंग धरलं. आणि मग पोट फुगून तांबूचं वासरूच मेलं. तांबूने पान्हा चोरला. थेंब देईना. तेव्हा वासराचं कातडं काढून घेतलं, वहिनीने त्यात भुसा भरला, सुतळीने शिवलं, पायांना काठ्या लावल्या. धारेच्या वेळी ते पुढे ठेवलं की तांबू चाटते आणि पान्हा सोडते.

"आता सोनीचं सगळं पोट त्या भुशावर हाय," वहिनी हसून म्हणाली.

आमच्याकडे गाय गेली की तिला कोणीतरी घेऊन जातं, आपण आंघोळ करतो आणि विषय संपतो. मी असलं काही ऐकलं नव्हतं.

सकाळच्या धारेला आम्ही गोठ्यात उभे राहिलो. ते वासरू वासरासारखंही दिसत नव्हतं. डोळ्यांच्या जागी भोकं, एक कान दुमडलेला, पोटातून भुसा डोकावतोय. तांबूने त्याला हुंगलं आणि मानेपासून शेपटीपर्यंत चाटायला लागली, सावकाश, एक जागा न सोडता. खाली चरवीत धार वाजायला लागली. माधवने कॅमेरा आणला होता, पण तो खालीच धरलेला होता.

"वहिनी, तिला कळत नाही का हे मेलेलं आहे?"

"कळते ना. पोटचं होतं, तिले नाही कळणार?"

"मग चाटते कशी?"

"मंग काय करील, भाऊ? जीभ कुठं ठेवील?"

माधव वासराकडेच पाहत उभा राहिला. तिथून बाहेर पडून मी उगाच झोळीला झोका देत बसले.

पण आमचा माधव असा एकटक पाहत राहिला की समजावं, काहीतरी शिजतंय. वहिनी सोनीला माझ्यावर सोपवून शेतात भाकरी घेऊन गेली. मी जेवून ओसरीवर आडवी झाले. तेवढ्यात या पठ्ठ्याने वासरू उचललं, छातीशी धरून आधी बांधावर नेलं, मग आंब्याखाली, मग विहिरीपाशी, जिथे जिथे उजेड बरा वाटला तिथे तिथे. घामाने सदरा भिजला. पण वासरावर माश्या बसत होत्या आणि माश्यांनी चित्र बिघडत होतं. शिवाय या वासराने आपल्यावर उपकार केलेत, त्याचं आपणही काही करावं, असं त्याच्या मनात आलं. हे त्याने मला नंतर सांगितलं आणि ते खरं आहे. त्याने वासराला रिठ्याच्या पाण्याने स्वच्छ धुतलं, उन्हात वाळवलं. जास्त दिवस टिकावं म्हणून भुशात मामांकडून आणलेल्या डांबराच्या गोळ्या भरल्या. उसवलेलं शिवलं. आणि मामांचा तो पत्र्याचा डबाही बरोबर आणला होता, त्यातले दोन सुंदर तपकिरी काचेचे डोळे बसवले.

मला जाग आली तेव्हा ते गोठ्याच्या दाराशी उभं होतं. इतकं जिवंत, की मी दचकले.

दिवस मावळायला वहिनी परतली. झोळीत सोनी कुरकुरायला लागली होती. तांबू चरून आली, गोठ्यात शिरली, आणि त्या डोळ्यांकडे पाहून दोन पावलं मागे सरकली. मग तिने मान लांब करून हुंगलं. शिंकली. तोंड फिरवलं ते फिरवलंच.

वहिनीने वासराकडे पाहिलं, मग नाक पुढे करून तिनेही हुंगलं. "हे काय केलं भाऊ?"

माधवने सांगितलं. सांगताना त्याचा आवाज बारीक होत गेला.

वहिनीने डोळे उपटले, गोळ्या बाहेर काढल्या, कोंडा आणून कातड्याला चोळला. पुन्हा पुढे ठेवलं. तांबूने लाथ मारली, चरवी भिंतीवर जाऊन आदळली. झोळीत सोनी आता मोठ्याने रडत होती. आजूबाजूला होत्या त्या म्हशीच. वहिनीचं हसू गेलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मला माधवची लाज वाटली. खरं म्हणजे लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. ते पोर या भुशावर जगत होतं आणि आम्ही तो धुऊन ठेवला होता.

माधव दावणीच्या कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. बाहेर जावं की थांबावं हे त्याला कळत नव्हतं. तेवढ्यात तांबूची मान त्याच्याकडे वळली. तिने त्याचा सदरा हुंगला. पुन्हा हुंगला. आणि तिच्या घशातून एक बारीक हंबरणं निघालं.

दुपारभर वासरू छातीशी धरून फिरला होता ना, धुण्याआधी. सगळा वास त्याच्या सदऱ्यावर उतरला होता.

"बसा," वहिनी म्हणाली.

"काय?"

"भाऊ, बसा खाली! तिच्यापुढं बसा! जल्दी!"

माधव शेणात बसला. तांबूने त्याचा खांदा चाटला, मग मान, मग कान. गाईची जीभ म्हणजे कानस असते. त्याने अंग चोरलं, तशी तांबू थबकली.

"हलू नका!" वहिनी ओरडली. ती चरवी घेऊन खाली बसलीसुद्धा होती. "भाऊ, तुम्ही मेलेले हाय!"

माधव मेला. मी त्याला इतका स्थिर कधी पाहिलेला नाही, लहानपणी गोवर झाला होता तेव्हाही नाही. डोळे मिटलेले, हात मांडीवर. तांबू त्याला चाटत राहिली, सावकाश, एक जागा न सोडता. आणि चरवीत धार वाजली. आधी एक, मग दुसरी, मग एकसारखी. मी पदराने डोळे पुसले. माधवच्या मिटलेल्या डोळ्यांतूनही पाणी येत होतं आणि तांबू तेही चाटत होती.

एकदा त्याने डोळे किलकिले करून ओठांतल्या ओठांत मला म्हटलं, "ताई, कॅमेरा."

"मेलेले बोलत नाही," वहिनी म्हणाली.

मी कॅमेरा उचलला. चावी दिली, त्या मंद उजेडात दिसेल तिकडे रोखला आणि दाबला. नंतर वहिनीने वाटीत दूध निववलं आणि सोनीला पाजलं. ती पिताना श्वास घ्यायलाही थांबत नव्हती. आम्ही तिघं तिच्याभोवती उभे राहून पाहत होतो, जणू असं कोणी दूध पिताना आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही परतणार होतो. वहिनी म्हणाली, "सकाळची धार कोण देईल?" माधव म्हणाला, "मी आहे ना." त्याला आंघोळ करायला आणि सदरा बदलायला बंदी झाली. मे महिना, देडतलाईचा. आठवडाभर आमचा माधव सकाळ संध्याकाळ तांबूपुढे मरत होता. मधल्या वेळात वहिनीने ते कातडं तिच्या पद्धतीने पुन्हा कमावलं, तांबूच्या अंगाला रोज घासलं. एका संध्याकाळी तांबूने माधवला ओलांडून त्याला चाटलं. माधवच्या तोंडावर सुटकाही होती आणि थोडा मत्सरही. मग तो विहिरीवर गेला आणि अंधार पडेपर्यंत आंघोळ करत होता.

ती फिल्म पुढे मुंबईत त्याच्या मित्रांनी पाहिली. वाघाला, सुसरीला, पापडांना आणि रिकाम्या खुर्चीला सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. शेवटी मी घेतलेला तुकडा आला. काळोख, त्यात एक मोठी जीभ आणि एक कान. "हे काय आहे?" एकाने विचारलं. "मी," माधव म्हणाला. आता तो पुन्हा कुंचल्याने चित्रं काढतो. बरी काढतो.

एक गोष्ट मात्र मला परतीच्या वाटेवर, भुसावळच्या फलाटावर चहा पिताना सुचली. तो सदरा काढून गवताच्या एखाद्या पेंढीला घातला असता, तरी तांबूने तो चाटलाच असता. माणूस बसवायची काही गरज नव्हती. एवढी साधी गोष्ट मला तिथे सुचली नाही, माधवला तर नाहीच नाही. पण भुसा भरून वासरू उभं करणाऱ्या काशीवहिनीला ती सुचली नसेल? निरोप देताना ती माधवकडे पाहून पदराआड इतकी का हसत होती, ते मला तेव्हा कळलं.

माधवला मी हे अजून सांगितलेलं नाही.